फक्त वेलांट्या बघा

"काका, फक्त वेलांट्या-उकार बघून द्या," असं म्हणत माणसं माझ्यापुढे कागद ठेवतात. छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता केस पिकले. आता सोसायटीची नोटीस, पतसंस्थेचा ठराव, एखाद्या लिपिकाने साहेबांच्या सहीसाठी केलेला मसुदा, असलं काहीबाही येत राहतं.

वेलांट्यांचं काम सगळ्यांत सोपं. साहित्य महामंडळाचे चौदा नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार आले. कचेरीत रोज लागतात ते त्यांतले थोडेच. 'जमीन' दीर्घ, पण 'जमिनीचा' ऱ्हस्व. 'वकील', पण 'वकिलामार्फत'. 'नागरिक' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून त्याची 'रि' पहिलीच. तरी गावोगावच्या फलकांवर ती दुसरी दिसते. अडलं तर वाळंब्यांचं व्याकरण आहे, अरुण फडक्यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात' आहे. मोबाइलवर लिहिलेल्या मसुद्यात 'कार्यालया मार्फत' असा तुटलेला शब्द हमखास सापडतो. तो जोडला की झालं.

माझी पेन्सिल थांबते ती अनुस्वारापाशी. 'संबंधित लिपिकांकडून खुलासा मागवावा.' लिपिक किती? मराठीत आदरालाही अनुस्वार लागतो आणि अनेकवचनालाही. 'अध्यक्षांनी' म्हटलं की माणूस एक, 'सभासदांनी' म्हटलं की सगळे. लिपिकाला कागदोपत्री कोणी अहो-जाहो करत नाही, म्हणजे खुलासा अख्ख्या शाखेला द्यावा लागणार. कोश इथे कामाचा नाही, संगणकही नाही. 'लिपिकाकडून' आणि 'लिपिकांकडून', दोन्ही रूपं शुद्धच आहेत. मी समासात प्रश्नचिन्ह काढतो आणि विचारतो. कधी उत्तर येतं, "एकच आहे हो, टिंब चुकून पडलं." कधी समोरचा हळूच सांगतो, "साहेबांनी मुद्दामच तसं ठेवलंय." मग मी पुढच्या ओळीवर जातो. 'निदर्शनास आले आहे' हेही त्याच जातीचं: कोणाच्या निदर्शनास, ते कागद सांगत नाही.

विरामचिन्हांची गोष्ट वेगळी. मोडीत ती नव्हतीच, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. मेजर कँडींनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' काढली, पण ठराव लिहिणाऱ्यांपर्यंत पूर्णविराम अजून पुरता पोचला नसावा. 'असून', 'तसेच', 'सबब' यांच्या साखळीने वाक्य पानभर ओढत नेतात आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर करणेत येत आहे' म्हणून सोडून देतात. मी 'असून'पाशी तोडतो. 'करणेत'चं 'करण्यात' करतो. ते 'करणेत' पुढच्या ठरावात परत येतं, हा भाग निराळा.

लाल शाई मात्र वापरत नाही. मसुदा खालच्याने लिहिलेला असतो, त्यातली निम्मी वाक्यं वरच्याची असतात आणि कागद परत त्याच टेबलावर जायचा असतो. परवा पतसंस्थेतली एक मुलगी थकबाकीदारांना द्यायची नोटीस घेऊन आली. पहिल्या परिच्छेदातला 'असून' मी खोडायला घेतला, तर म्हणाली, "काका, तो राहू दे ना. तो काढलात तर साहेब लगेच ओळखतील, मसुदा मी केलेला नाही म्हणून." राहू दिला. दुसऱ्या परिच्छेदातला काढला. त्याच्या मागे पैसे भरायची तारीख दडली होती.