बुडाचा आकडा आणि अंगावरचा रंग

अमेरिकेतल्या सोड्याच्या बाटल्यांवर रंगवलेलं लेबल आलं ते 1933-34 च्या आसपास. हा रंग म्हणजे काचेचीच रंगीत पूड. ती जाळीच्या पडद्यातून बाटलीवर उतरवायची आणि भट्टीत भाजायची, की अंगाशी एकजीव होते. पुन्हा पुन्हा धुऊन भरायच्या बाटलीला कागदापेक्षा हे फार सोयीचं. या लेबलांवरची चित्रं इतकी बोलकी असतात, की वय ठरवताना नजर आधी तिथेच खिळते. माझ्या मते ती आधी बुडाकडे वळायला हवी. चित्र फार तर कालखंड सांगतं. ‘पेप्सी-कोला’ या नावामधल्या दोन रेघांची एक झाली ती 1950 च्या सुमारास. म्हणून दोन रेघांची बाटली साधारण त्याआधीची, एवढंच त्यातून कळतं. वर्ष कोरलेलं असतं ते काचेवर.

1929 साली स्थापन झालेल्या ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीचा बुडावरचा शिक्का याचा उत्तम नमुना आहे. शंकरपाळ्यासारखी चौकट, तिला छेदणारं आडवं लंबवर्तुळ आणि मध्ये आय हे अक्षर. डावीकडचा आकडा कारखान्याचा (9 म्हणजे इलिनॉयमधलं स्ट्रीटर), उजवीकडचा वर्षाचा. यावर हमखास आक्षेप येतो, की वर्षाचा आकडा एकच असेल तर दशक कुठून आणायचं? आक्षेप रास्त आहे, आणि इथेच रंग कामाला येतो. उजवीकडे नुसता 2 असेल आणि अंगावर भाजलेला रंग असेल, तर 1932 बाद, कारण तेव्हा ही लेबलंच नव्हती. उरतं 1942; पुढे दोन आकडी वर्ष रुळलं, त्यामुळे 1952 ची शक्यता फारशी राहत नाही. जोडीला काचेवर वळणदार अक्षरांत ‘ड्युराग्लास’ असेल तर 1932 ची शंकाच मिटते, कारण तो शब्द 1940 पासूनचा. साचा वर्ष उलटल्यावरही वापरात राहिला असेल, असंही कुणी म्हणेल. राहिला असेलही, त्यानं एखादं वर्ष इकडेतिकडे होईल, दशक हलणार नाही.

मात्र काचेवरची प्रत्येक तारीख बाटलीची नसते. कोका-कोलाच्या कितीतरी बाटल्यांवर 16 नोव्हेंबर 1915 किंवा 25 डिसेंबर 1923 असं कोरलेलं आढळतं. ती पेटंटची तारीख. तिच्यानंतरही वर्षानुवर्षं तशा बाटल्या निघत राहिल्या. विक्रेते तीच जन्मतारीख म्हणून सांगतात, आणि घेणारेही खुशीनं ऐकून घेतात. रंगातही उपयोगाचं असतं ते मागच्या बाजूचं बारीक अक्षर. डाएट सोड्याच्या घटकांत सायक्लामेट हा गोडी आणणारा पदार्थ असेल, तर ते लेबल त्यावरच्या 1969 च्या बंदीआधीचं. वर्तुळातलं आर, म्हणजे नोंदणीची खूण, दिसली तर ते 1946 च्या ट्रेडमार्क कायद्यानंतरचं.

बूड आणि रंग जुळेनात तेव्हा रंग बुडापेक्षा जुना असूच शकत नाही, हे धरून चालावं. उलट मात्र होतं: जुन्या काचेवर अलीकडे रंग चढवला जातो. वापरलेली बाटली शेजारच्या बाटल्यांवर घासून घासून फुगीर भागावर पांढुरकी होते. तो पट्टा रंगाच्या खालून गेलेला दिसला, तर रंग नंतरचा.