माळव्याच्या माळावरील विमाने

इंदूरहून देवासच्या दिशेने निघाले, की वस्ती हळूहळू विरळ होते आणि काळ्या मातीची शेते सुरू होतात. हमरस्ता सोडून थोडे आत गेल्यावर एका खेड्याची चरनोई लागते. चरनोई म्हणजे गुरांसाठी राखलेले गायरान. आपल्या इंदुरी मराठीला हा शब्द माळव्यानेच दिला आहे. या सपाट माळावर रविवारी सकाळी विमाने उडतात. ती माणसे वाहून नेणारी नव्हेत. हातभर ते वावभर पंखांची, विजेवर चालणारी आणि जमिनीवरून रेडिओच्या साहाय्याने हाकली जाणारी लहान विमाने. शहराचा विमानतळ पश्चिमेस, म्हणून या मंडळींनी पूर्वेकडची बाजू धरली आहे. 'ड्रोन नियम, २०२१' प्रमाणे कोठे मुभा आहे हे नकाशावर पाहूनच ती येतात आणि विमान नजरेआड होऊ देत नाहीत.

या माळावर मी गेलो तो केवळ हौसेने नव्हे. आमच्या शाळेतील काही मुलांनी विमानगट काढण्याची परवानगी मागितली होती, आणि एका पालकांनी त्यास लेखी हरकत घेतली होती. 'या बॅटऱ्या पेट घेतात असे ऐकतो. शाळेत आग लागल्यास उत्तरदायी कोण?' हा त्यांचा प्रश्न होता. हरकत अवाजवी नव्हती. पण मुलांचा उत्साहही खोटा नव्हता. निर्णय द्यायचा तर प्रत्यक्ष पाहूनच द्यावा, असे मी ठरविले.

दिवस जानेवारीचे होते. शेजारच्या गव्हावर दव होते. माझा एक माजी विद्यार्थी, आता अभियंता, कोटाच्या आतल्या खिशातून बॅटरी काढीत म्हणाला, "सर, थंडीत हिला ऊब लागते. गारठली की अंतर्गत रोध वाढतो आणि उड्डाणाच्या ऐन वेळी जोर कमी पडतो."

ती बॅटरी म्हणजे तळहाताएवढी चपटी वीट. आत तीन घट एकापुढे एक जोडलेले. लिथियम-आयन कुळातीलच हा लिथियम-पॉलिमर प्रकार. त्याला धातूचे कठीण कवच नसते, पातळ वेष्टन असते. म्हणून तो हलका, आणि म्हणूनच नाजूक. रेडिओने चालविलेल्या विद्युत विमानाचे पहिले नोंदलेले उड्डाण ३० जून १९५७ रोजी इंग्लंडात कर्नल टॅप्लिन यांनी केले, तेव्हा त्यात चांदी-जस्ताची बॅटरी होती. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या जनकांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घटाचे पथ्य मात्र एखाद्या मधुमेही माणसासारखे आहे : उपासही नको आणि अतिभोजनही नको. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट, त्यापुढे गेल्यास धोका. ३ व्होल्टच्या खाली उतरल्यास तो कायमचा दुखावतो. म्हणून ही मंडळी साठ्याचा सुमारे पाचवा भाग शिल्लक असतानाच विमान खाली घेतात. आठवडाभर उडवायचे नसेल, तर बॅटरी भरलेलीही ठेवीत नाहीत आणि रितीही ठेवीत नाहीत. दर घटास सुमारे ३.८ व्होल्ट, म्हणजे निम्म्याच्या आसपास, एवढ्यावर तिला विश्रांती देतात. भरलेली बॅटरी दिवसेंदिवस पडून राहिली, तर न वापरताही म्हातारी होते.

खरी काळजी असते ती चार्ज करताना. तिन्ही घट समान पातळीवर आणणारा चार्जरच वापरायचा, त्यावर बॅटरीचा प्रकार व घटांची संख्या अचूक निवडायची, आणि वेग बेताचा ठेवायचा : २२०० मिलीअँपियर-तासांच्या बॅटरीस २.२ अँपियर. उड्डाणानंतर ती गरम असते. ती निवेपर्यंत चार्जर जोडायचा नाही. चार्ज होत असताना कोणीतरी जवळ असलेच पाहिजे. रात्री झोपताना नाही, गादीवर नाही, पडद्याजवळ नाही. येथील एका गृहस्थांनी कुंभाराकडील मातीची कुंडी आणली आहे. चार्जिंग तिच्यात, अंगणात, आणि शेजारी वाळूची बादली.

आपल्या माळव्याच्या उन्हाळ्यात आणखी एक दक्षता हवी. वैशाखात पारा ४० अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या बंद मोटारीत तो कितीतरी अधिक चढतो. तेथे बॅटरी विसरणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

त्या सकाळी एक विमान बांधावर आपटले. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा धावत निघाला, तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने त्याला हाक मारून थांबविले. बॅटरी त्याने स्वतः काढली आणि मोकळ्या जमिनीवर, सर्वांपासून दूर ठेवली. "दादा, दिसायला तर काहीच झालं नाही," मुलगा म्हणाला. "आतली इजा लगेच दिसत नाही. अर्धा-पाऊण तास लांबूनच लक्ष ठेवू," असे त्याला उत्तर मिळाले. थोड्या वेळाने ती एका बाजूस फुगली. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, पुन्हा वापरायचीही नाही. तिच्यातील उरलीसुरली वीज सावकाश काढून, टोकांना चिकटपट्टी लावून तिला वेगळे ठेवायचे. आपल्या शहरात कचरा सहा प्रकारांनी वेगळा करण्याची शिस्त लोकांनी अंगी बाणवली आहे. अशी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता, 'बॅटरी आहे' असे सांगून स्वतंत्रपणे सोपवावी.

घरी परतल्यावर मी त्या पालकांना भेटून पाहिलेले सर्व सांगितले, आणि गटास परवानगी दिली, ती अटींसह. बॅटऱ्या वर्गात नव्हे, प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात, मातीच्या कुंड्यांत राहतील. चार्जिंग शिक्षकांसमोरच होईल. प्रत्येक बॅटरीला क्रमांक असेल आणि दर शनिवारी तिन्ही घटांचे व्होल्ट एका वहीत मांडले जातील. एखादा घट इतरांहून मागे पडू लागला, तर ती बॅटरी बाद. मुलांनी त्या वहीला 'हजेरीपट' असे नाव दिले आहे. पहिल्या पानावर हरकत घेणाऱ्या पालकांचीही सही आहे. वही तपासण्याचे काम त्यांनी आपण होऊन मागून घेतले.