वंगण कुठे आणि किती

हिंगणघाट,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. भाचीस,

काल फोनवर तू विचारलंस, "मामा, ब्रेकच्या कॅलिपरला ग्रीस घरी लावता येतं का?" आणि मागून तुझी आई ओरडली, "काही गरज नाही!" तुमचं दोघींचंही बरोबर आहे, म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. अशी कामं फोनवर सांगितली की निम्मी विसरली जातात, आणि नेमकी तीच महत्त्वाची असतात. म्हणून कागदावर लिहितो आहे. काम करताना हा कागद जवळ ठेव.

आधी एक कबुली. तुझ्या मामीला ही गोष्ट मी अजून पुरती सांगितलेली नाही, तेव्हा हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नकोस. चार वर्षांपूर्वी मी गाडीच्या पुढच्या दोन्ही कॅलिपरच्या पिनांना स्वतः ग्रीस लावलं होतं. आयुष्यभर कापडगिरणीत फिटर होतो, ग्रीसचं मला कोण काय शिकवणार, या तोऱ्यात. घरात डबा होता तोच घेतला, बेअरिंगला लावतात ते पिवळं ग्रीस. बोटभर थापलं. महिना-दोन महिने गाडी लोण्यासारखी चालली. मग एकदा नागपूरहून परत येताना बुटीबोरी सोडल्यावर गाडी जड वाटायला लागली. कोणी मागून धरून ठेवावी तशी. पुढे जळका वास. जाम गावच्या चौरस्त्यावर गाडी बाजूला घेतली तर डावं पुढचं चाक असं तापलेलं की जवळ हात नेववेना. ब्रेक जाम झाला तो नेमका जामलाच! पाणी ओतायचा मोह झाला, पण तापलेल्या डिस्कवर थंड पाणी पडलं की ती वाकते, तडकतेही. तेवढी अक्कल शिल्लक होती. तासभर टपरीवर दोन चहा घेऊन बसलो आणि मग चाळीसच्या वेगाने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पिन ओढून काढली. ओढूनच काढावी लागली. बाहेरचं रबर फुगून भिजवलेल्या वाटाण्यासारखं झालं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हे काऊन लावलं जी? या ग्रीसनं रबर फुगते नं!" वयाने तो माझ्या मुलासारखा. मी मान खाली घातली.

आता त्याने सांगितलेलं आणि मी नंतर समजून घेतलेलं सांगतो. तुझ्या गाडीच्या पुढच्या चाकांमध्ये डिस्क आहे आणि तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड धरतात. पण ढकलणारा पिस्टन एकच, आतल्या बाजूला. तू पायडल दाबलंस की तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्याच रेट्याने अख्खा कॅलिपर उलट्या दिशेने सरकून बाहेरचं पॅड आणून टेकवतो. हे सरकणं दोन पिनांवर होतं. पिन बोटाएवढी, सरकते ती जेमतेम मिलिमीटरच्या हिशेबात, पण ती अडली की सगळंच अडतं. पाय काढल्यावर कॅलिपर मोकळा होत नाही, पॅड घासत राहतं, चाक तापतं, पेट्रोल जास्त जातं. माझ्या गाडीचं आतलं पॅड झिजून पत्र्याला आलं होतं आणि बाहेरचं निम्मं शिल्लक होतं. तुझी गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते म्हणालीस, तेव्हा मला पहिला संशय या पिनांचाच आला. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल आणि मग उन्हाळ्यातली धूळ, दोन्ही रबराच्या फटीतून आत जातात.

ब्रेकमधली ही रबरं ब्रेक ऑइलला टिकतील अशी बनवलेली असतात. नावाला ऑइल, पण आपल्या गाड्यांत असतं ते डॉट 3 किंवा डॉट 4, म्हणजे ग्लायकॉलच्या जातीचं रसायन, खनिज तेल नव्हे. साधं ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल ही सगळी खनिज तेलाची भावंडं. ती या रबराला लागली की रबर ती पितं आणि फुगतं. म्हणून पिनांसाठी सिलिकॉनचं, ब्रेकसाठी म्हणूनच विकतात ते ग्रीस घ्यायचं. छोटी ट्यूब मिळते. डब्यातलं नको, शेजाऱ्याचं नको, आणि 'सगळीकडे चालतं' असं दुकानदार म्हणेल ते तर मुळीच नको.

आमच्या गिरणीत ऑइलमन नावाची स्वतंत्र जागा होती. त्याचं सगळं कसब तेल कुठे घालायचं नाही यात होतं. तेल कमी पडलं तर मशीन ओरडतं, सगळ्यांना ऐकू येतं. जास्त पडलं तर सुतावर डाग पडतो आणि तो दिसतो ठाण तयार झाल्यावर. ब्रेकचं तसंच आहे, फक्त इथे डाग पॅडवर पडतो आणि तो कळतो समोर ट्रक असताना. बाकी सगळ्या यंत्रात घर्षण हा शत्रू. इथे ते तुझं हक्काचं माणूस आहे. ते पॅड आणि डिस्कच्या मध्ये हवंच, पिनेवर मात्र नको.

तर हात कसा घालायचा ते ऐक. गाडी सपाट, पक्क्या फरशीवर घे, अंगणातल्या मातीवर नको. गिअरमध्ये टाक, हँडब्रेक ओढ, मागच्या चाकांना पुढून-मागून उटी लाव. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल कर. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नसतो. उचलल्यावर खाली लोखंडी स्टँड दिल्याशिवाय काहीही उघडू नको, आणि स्टँड असला तरी गाडीखाली डोकं नेऊ नको. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकव, म्हणजे दुर्दैवाने काही घसरलंच तर गाडी त्यावर टेकेल. हे वाचून तुझी आई थोडी शांत होईल.

एका वेळी एकच बाजू उघड. दुसरी नमुन्याला तशीच राहू दे. मोबाइलवर फोटो काढ, कारण वरची आणि खालची पिन पुष्कळदा वेगळी असते, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. अदलाबदल झाली तर पुन्हा जाम! बोल्ट काढून कॅलिपर सोडवलास की तो ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळू देऊ नको, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांध. त्या नळीतूनच तुझा ब्रेक चालतो. धूळ तोंडाने फुंकायची नाही, हवेचा पाइपही मारायचा नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसून घे. पिनेवरचं जुनं ग्रीस पूर्ण काढ. आपल्या गिरणीच्या गावात चिंधीला काय तोटा! पिन गंजली, खड्डे पडले असतील तर घासत बसू नको, नवी घे. रबर फाटलं असेल तर तेही. मग पिनेला पातळ थर, पापडाला तेल लावतो तेवढा. बोटभर भरलं तर भोकात हवा कोंडते आणि पिनच परत बाहेर ढकलते.

पॅडची जाडी याच वेळी मोज. 3 मिलिमीटरच्या आत आली असेल तर दोन्ही चाकांची पॅड एकदम बदलायची. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला ग्रीसचं बोटही लागलं तर क्लीनरने डिस्क धू, आणि पॅड सरळ फेकून दे. पॅडने एकदा तेल प्यालं की ते पूर्ण निघत नाही.

बोल्ट किती आवळायचा? माझ्या पिढीचं उत्तर 'हात सांगतो तेवढा'. ते उत्तर आता मी मागे घेतलं आहे. मोजमापाचा धडा गावातच आहे: आपल्या हिंगणघाटात विल्यम लॅम्ब्टन 1823 च्या जानेवारीत वारला, त्याची कबर इथेच आहे. हिंदुस्थान मोजायला निघालेला तो माणूस पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी थर्मामीटर लावायचा, कारण धातू तापला की लांब होतो आणि हिशेब चुकतो. त्याची कबर असलेल्या गावचा माणूस ब्रेकचा बोल्ट अंदाजाने आवळतो, हे बरं दिसत नाही. गाडीच्या पुस्तकात आकडा असतो. टॉर्क पाना तासाभरासाठी कुठूनही मागून आण.

सगळं बसवल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पायडल चार-पाच वेळा दाब. पहिल्या दाबाला ते सरळ खाली जाईल, कारण कॅलिपर परत बसवताना पिस्टन मागे सरकलेला असतो. ते न दाबता गाडी काढली तर पहिलाच ब्रेक लागणार नाही. मग गल्लीतल्या गल्लीत सावकाश एक चक्कर मार.

पिस्टनच्या भोवती ओलसर दिसलं, नळीला भेगा दिसल्या किंवा पायडल स्पंजासारखं लागलं तर काम तिथेच थांबव, गाडी चालवू नको, मिस्त्रीला घरी बोलाव. मागच्या चाकांना तुझ्या गाडीला ड्रम आहेत, तिकडे तर हातच लावू नको.

दिवाळीला येशील तेव्हा त्या सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब माझ्यासाठी घेऊन ये. माझी संपत आली आहे.

तुझा
मामा