बिटकॉइन बुडालं तर दार कुणाचं वाजवायचं?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. गेल्या दोन महिन्यांत सात-आठ जणांनी मेसेज करून एकच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. प्रश्न असा, "साहेब, बँकेत पडून राहण्यापेक्षा थोडे क्रिप्टोत टाकू का?"

बिटकॉइनचा भाव उद्या वाढेल की पडेल यावर मी काही बोलणार नाही. ते मला कळत असतं तर विट्यात बसून पोस्टी लिहीत बसलो नसतो. मला बोलायचंय ते दुसऱ्या दाव्यावर. 'हा रुपयाला पर्याय आहे, बँकांची गरज संपली, पैसा आता सरकारच्या हातातून सुटला' असं आपली शिकलेली पोरं ठामपणे सांगतात, तो दावा. मी सहकारी बँकेत सत्तावीस वर्षं काढली, निम्मी कॅश काउंटरला, निम्मी कर्ज विभागात. पैशाबद्दल जे काय कळतं ते त्या खिडकीमागे बसून कळलंय.

आमच्या घरात हा वाद गणपतीपासून चालू आहे. माझी थोरली बहीण कवठेमहांकाळकडे असते. रत्नागिरी–नागपूर महामार्गात तिची थोडी जमीन गेली, त्याचा मोबदला आला. दाजी नाहीत. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, हुशार, आईची काळजी असणारा. त्याचं म्हणणं, यातले दहा लाख तरी बिटकॉइनमध्ये ठेवू. मी नको म्हणतो. ताई दोघांचं ऐकून घेते आणि चहा टाकायला उठते.

भाच्याचा मुद्दा मी त्याच्याच जोराने मांडतो, नाहीतर तो म्हणेल मामाने कच्चा करून सांगितला. तो म्हणतो, "मामा, तुमचा रुपया म्हणजे नुसता शब्द आहे. सरकार हव्या तेवढ्या नोटा छापतं, बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर कधीच निघणार नाहीत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री एका भाषणात चलनातल्या ८६ टक्के किमतीच्या नोटा बाद झाल्या. बिटकॉइन असं कोण बाद करणार? आणि बँकेत ठेवलेला पैसा तरी आपला असतो का? २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सांगितलं, सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढा. हजार!"

यातलं एकही वाक्य खोटं नाही. नोटबंदीत मी काउंटरला होतो. लेकीच्या लग्नाला साठवलेले पैसे पदरात बांधून रांगेत उभी असलेली बाई मी पाहिली आहे. आपल्या जिल्ह्यात बुडालेल्या सहकारी बँकांची नावं इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहेत. बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ ला तयार झाला, तेव्हा अमेरिकेतल्या बँका कोसळून जेमतेम चार महिने झाले होते. बँकांवरच्या रागातूनच ही कल्पना वाढली आणि तो राग रास्त होता. माझं भांडण औषधाशी आहे, दुखण्याशी नाही.

पीएमसीचंच पुढे काय झालं ते बघा. ठेवीदार रस्त्यावर उतरले. रिझर्व्ह बँकेसमोर घोषणा दिल्या, कोर्टात गेले, अर्थमंत्री मुंबईत आल्या तेव्हा तिथे जाऊन त्यांना जाब विचारला. हजाराची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली. ठेवींवरचा विमा १९९३ पासून एक लाखावर अडकून पडला होता, तो फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाला. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि बँकेवर निर्बंध आले की नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यायची अशी तरतूद झाली. पुढे ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंत वाट पाहायची योजना आली, काहींनी तर त्या धसक्याने हाय खाल्ली. पण भांडायला समोर कुणीतरी होतं. त्याच्या इमारतीला फाटक होतं आणि फाटकासमोर उभं राहता येत होतं.

आता हेच क्रिप्टोत बघू. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजवर दरोडा पडला. साधारण २३ कोटी डॉलर, म्हणजे आपले दोन हजार कोटींच्या आसपास रुपये गेले. ग्राहकांच्या ठेवीतला जवळजवळ निम्मा हिस्सा. लगेच क्रिप्टो काढणं बंद झालं. आणि पुढची प्रक्रिया चालली कुठे, तर सिंगापूरच्या कोर्टात! कारण मूळ कंपनी तिकडची. सांगली-मिरजेच्या पोराने सिंगापूरच्या कोर्टाचे इंग्रजी आदेश मोबाइलवर वाचत बसायचं. विमा नाही, लोकपाल नाही. रिझर्व्ह बँक म्हणणार, आम्ही आधीच सावध केलं होतं. आणि तेही खरंच आहे.

भाचा म्हणतो, एक्स्चेंजवर ठेवायचंच नाही, स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवायचं, चावी आपल्याकडे. बरं. चावी म्हणजे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द. ते हरवले तर पैसे कायमचे गेले, दुसऱ्याने वाचले तर त्याचे झाले. बँकेत पासबुक हरवलं तर अर्ज लिहून दुसरं मिळतं. ठेवीदार वारला तर वारस नोंद असते, नसली तरी कागद जमवून वारसाला पैसे मिळतात. मी स्वतः अशी शेकडो प्रकरणं केली आहेत. त्यातल्या किमान निम्म्या बायका अंगठा उठवणाऱ्या होत्या. त्यांना चोवीस इंग्रजी शब्द सांभाळायला सांगणार का?

हे ऐकून ताईने पहिल्यांदा तोंड उघडलं. ती भाच्याला म्हणाली, "तू ऑफिसात असशील आणि मला दवाखान्याला पैसे लागले, तर मी कुणाकडे जाऊ?" तो म्हणाला, मला फोन कर. म्हणजे बँकेच्या जागी तो एकटा आला. पोरगा चांगला आहे म्हणून ठीक, पण याला बँकेची गरज संपली म्हणत नाहीत.

आता पैशाच्या मूळ कामाकडे येऊ. आपल्याकडचं उदाहरण घेतो. समजा २०२१ च्या नोव्हेंबरात, गळीत हंगाम सुरू होताना, एखाद्या कारखान्याने उसाचा दर बिटकॉइनमध्ये जाहीर केला असता आणि शेतकऱ्याने मिळालेलं बिल तसंच ठेवलं असतं. तेव्हा एक बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या घरात गेलं होतं. पुढच्या हंगामाला ते १६ हजारांवर आलं. उसाचं बिल वर्षात पाव झालं आणि सोसायटीचं पीककर्ज मात्र रुपयांत जसंच्या तसं.

आता उलटं घ्या. कुणी २०२२ च्या शेवटी बिटकॉइनमध्ये कर्ज घेतलं असतं आणि दोन वर्षांनी फेडायला गेला असता, तर भाव लाखाच्या आसपास. मुद्दलच सहापट. भाव वाढला की घेणारा खूश होतो, पण पैशात कर्जदारही असतो, आणि त्याचं यात वाटोळं होतं. ज्यात उधारी लिहिता येत नाही, पगार ठरवता येत नाही, घरभाडं सांगता येत नाही, त्याला मालमत्ता म्हणा, सट्टा म्हणा, पैसा कसा म्हणायचा?

वेगाचंही ऐकतो. बिटकॉइनच्या मूळ साखळीवर सेकंदाला साधारण सात व्यवहार होतात, म्हणजे दिवसाला सहा लाख. आपल्या यूपीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला, दिवसाला तीस कोटींच्या वर. भाचा म्हणाला, त्यावर लाइटनिंग नावाची जलद सोय आहे. असेल. आमच्या बाजारातल्या भाजीवालीला तिची गरज पडलेली नाही.

'डिजिटल सोनं' हा शब्द मला विशेष खटकतो, कारण आपला मुलूख गलाईवाल्यांचा आहे. खानापूर, आटपाडी, तासगावची माणसं देशभर पेठांमध्ये सोनं-चांदी गाळायला गेली. सोनं म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवू नये. सोन्याचा भावही वर-खाली होतो, मान्य. पण ताईच्या बांगड्या घेऊन कुठल्याही बँकेत गेलं तर तासाभरात तारण कर्ज मिळतं. मोडायची ठरवली तर पेठेत दहा दुकानं, आणि वीज गेली तरी बांगडी हातात राहते.

खासगी आणि तऱ्हेतऱ्हेचा पैसा आपल्याला नवा नाही, हेही सांगायला हवं. पेशवाईत एकच एक रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे निरनिराळे रुपये चालत. या पेठेतला रुपया त्या पेठेत दिला की सराफ तो पारखणार आणि बट्टा कापून घेणार. नावाला बट्टा लागतो म्हणतो ना आपण, तोच शब्द. कुठलं नाणं किती कसाचं हे सराफाला कळायचं, रयतेला नाही, म्हणून कापला जायचा तो रयतेचाच रुपया. आज हजारो कॉइन आहेत आणि प्रत्येक अदलाबदलीला एक्स्चेंज आपली फी कापतं. सराफ बदलला इतकंच.

बरं, एका देशाने हे खरोखर करून पाहिलं आहे. एल साल्वाडोर या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशाने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं. सरकारने अ‍ॅप काढलं, ते घेणाऱ्याला ३० डॉलरचं बिटकॉइन फुकट दिलं, दुकानदारांवर ते स्वीकारायची सक्ती केली. बहुतेकांनी ते तीस डॉलर खर्च केले आणि अ‍ॅप बाजूला ठेवलं. लोक रोजचा व्यवहार डॉलरमध्येच करत राहिले. शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १४० कोटी डॉलरचं कर्ज घेताना जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ती सक्ती काढावी लागली. याहून मोठी संधी कुठल्या चलनाला मिळणार?

जिथे स्वतःचं चलन जळतंय, व्हेनेझुएला किंवा अर्जेंटिनासारखं, तिथले लोक क्रिप्टोचा आधार घेतात हे मी नाकारत नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही घेतला असता. पण तेही जास्त करून घेतात काय, तर डॉलरला बांधलेली कॉइन. म्हणजे फिरून कुठल्यातरी सरकारचाच पैसा.

आता आपल्या भागात जे फिरतंय त्याबद्दल, आणि हा भाग कृपया घरच्यांनाही वाचून दाखवा. इथे येणारा एजंट बिटकॉइनचं नाव घेतो आणि विकतो भलतंच. गेनबिटकॉइनचं प्रकरण आठवा. दरमहा दहा टक्के, अठरा महिने, असं आमिष होतं. खाली माणसं जोडत जायची. नंतर बिटकॉइनऐवजी स्वतःचंच एक कॉइन लोकांच्या हातात टेकवलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली, २०२२ मध्ये तो वारला. त्याच वर्षी त्याच पोलिसांनी, तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक केली. आरोप असा की जप्तीतली क्रिप्टो त्यांनीच वळवली. यावर भाचा म्हणतो, "मामा, यात बिटकॉइनची काय चूक?" तंत्रज्ञानाची चूक नाही, कबूल. पण पैसे परत कुठून आणायचे हे पोलिसांनाही कळेना आणि त्यासाठी ज्यांना बोलवलं त्यांच्यावरच संशय आला. सामान्य माणसाला याहून जास्त काय समजणार?

सरकारलाही सोडायचं कारण नाही. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, एका कॉइनमधला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करायची सोय नाही, वर प्रत्येक विक्रीला एक टक्का टीडीएस. कर घेतला म्हणजे मान्यता दिली असं नाही, हेही सांगून मोकळे. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून लांब राहायला सांगितलं, ते परिपत्रक सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. पण ग्राहकाचा पैसा वेगळा कसा ठेवायचा, चोरी झाली तर भरपाई कोण देणार, तक्रार किती दिवसांत निकाली काढायची, याचा स्वतंत्र कायदा करायला नको का? तीस टक्के घेणाऱ्याने चौकीदार तरी नेमावा. आपल्या खासदारांना हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

भाच्याने त्याच्या पगारातून घेतलेलं बिटकॉइन सध्या फायद्यात आहे, हेही इथे नोंदवतो, नाहीतर तो मला सोडणार नाही. त्याच्या पैशाचं त्याने करावं. तो तरुण आहे, बुडाले तर पुन्हा कमवेल. ताईची जमीन मात्र पुन्हा येणार नाही. माझं तिला सांगणं एवढंच, की पैसे दोन-तीन बँकांत विभागून ठेव, एका बँकेत व्याज धरून पाच लाखांच्या आत, आणि प्रत्येक ठिकाणी वारसाचं नाव लाव. राहिलेले पोस्टात. व्याज कमी आहे, महागाई त्यातलं बरंच खाईल, तेही तिला आकडे मांडून दाखवलंय. तिने अजून ठरवलेलं नाही.

आणि ज्यांनी अशा एखाद्या 'कॉइन'मध्ये आधीच पैसे भरलेत आणि आता काढता येत नाहीत, त्यांनी लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि एजंटचे मेसेज पुसू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अर्ज लिहायला अडचण असेल तर सकाळी अकरानंतर घरी या, मी लिहून देतो.