बर्फाच्या शोधात बुटीबोरीहून

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेल्या प्रवाशास सुमारे तीस किलोमीटरांवर बुटीबोरीचे स्थानक लागते. येथूनच उमरेडच्या कोळशाकडे जाणारा लोहमार्ग फुटतो. काळी कसदार माती, तिच्याखाली काळा पाषाण, आणि अलीकडे औद्योगिक वसाहतीची धुरांडी, एवढे या गावाचे वर्णन पुरे. वैशाखात येथील ऊन असे असते की दुपारी ओसरीवरील फरशीस पाय लागू देववत नाही. अशा गावी राहून आम्ही बर्फावर चार शब्द लिहावयास बसलो, याचे वाचकांस हसू येईल. आम्हांसही एके काळी असेच हसू आले होते, आणि त्या हसण्याची टोचणी अजून गेलेली नाही.

शाळेत आम्ही संस्कृत शिकवीत असू. परंतु लहान शाळांतील रीतीप्रमाणे भूगोलाचा तासही अधूनमधून आमच्या गळ्यात पडे. विदर्भाचा पश्चिम भाग अग्नीतून जन्मला, ज्वालामुखीच्या रसाचे थर साचून हा काळा दगड झाला, असे आम्ही मोठ्या ठसक्यात सांगत असू. हे खरेच आहे. ते थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. एके वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर एक मुलगा पैनगंगेकाठच्या मामाच्या गावाहून एक दगड घेऊन आला. नारळाएवढा, एका अंगाने सहाणेसारखा घासून सपाट झालेला, आणि त्या सपाटीवर आखल्यासारख्या समांतर रेघा. "गुरुजी, या रेघा कशाच्या?" असे त्याने विचारले. "नांगराच्या फाळाच्या," असे सांगून आम्ही मोकळे झालो. "पण गुरुजी, हा नदीच्या दरडीत खोल रुतला होता," असे तो म्हणताच, "मग तुझ्या मामाने नदी नांगरली असेल," असे आम्ही म्हटले. वर्ग हसला. मुलाने दगड खिडकीबाहेर टाकला आणि पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही.

आमचा पुतण्या गोव्यात समुद्राच्या गाळाचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करतो. गतवर्षी तो चार दिवस बुटीबोरीस आला असता ही गोष्ट आम्ही गमतीने सांगितली. तो हसला नाही. "काका, उद्या सकाळी लवकर निघू या," एवढेच म्हणाला.

जाम, वरोरा, भद्रावती असे करीत आम्ही चंद्रपूर गाठले आणि तेथून पश्चिमेस पैनगंगेच्या काठी इरई गावाकडे वळलो. (चंद्रपूरजवळ इरई नावाची नदीही आहे, वाचकांनी घोटाळा करू नये. आमचा तो झाला व त्यापायी एक तास गेला.) भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे फेडन यांनी या स्थळाचे वर्णन १८७५ साली प्रसिद्ध केले. नदीकाठी उघडा पडलेला जुन्या चुनखडीचा पृष्ठभाग त्यांस तीनशेहून अधिक यार्ड लांबीपर्यंत गुळगुळीत घासलेला व खोबणींनी भरलेला आढळला. वर हिरवट चिकणमातीत लहानमोठे धोंडे रोवलेले. त्यांपैकी कित्येकांच्या अंगावर तशाच रेघा. त्यापूर्वी १८५६ साली ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांनी ओडिशातील तालचेर येथे असेच धोंड्यांचे थर पाहून ते बर्फाने आणले असावेत असा तर्क केला होता. उष्ण देशात बर्फ कोठला, ही शंका उरलीच होती. इरईच्या घासलेल्या खडकाने तिला मोठा धक्का दिला. आज सर्वमान्य झाले आहे की सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस, अंटार्क्टिकास जोडलेली होती, आणि तिच्यावरून हिमनद्या सरकत होत्या. चांदा-बल्लारपूरचा कोळसा त्यानंतरचा. बर्फ ओसरल्यावर वाढलेल्या अरण्यांचा.

आम्ही वाकून त्या रेघांवरून बोट फिरविले. बोटास त्या स्पष्ट लागत होत्या. बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

परतताना गाडीत आम्ही पुतण्यास विचारले की, तू तर समुद्रातला चिखल चिवडतोस, तुझा या धोंड्यांशी काय संबंध? त्याने सांगितले ते असे. हिमनग समुद्रात तरंगत जातो, वितळतो, आणि पोटातले खडे तळाशी सोडतो. जमिनीपासून शेकडो कोस दूर, जेथे केवळ मऊ गाळ असावयाचा तेथे, असा खडा सापडला तर तो तरंगत्या बर्फावाचून कोणी आणणार? गादीवर वरवंटा टाकावा तसे त्याखालचे थर दबलेले असतात आणि वरचे थर त्यास पांघरूण घालून गेलेले असतात. तालचेरच्या थरांतही ठिकठिकाणी असे खडे आहेत. साक्षीदार एकाच जातीचा, वयात मात्र कोट्यवधी वर्षांचे अंतर.

परंतु खडा साक्ष देतो ती हिमनगाची. समुद्राचे पाणीच गोठून जी साय धरते, त्या सागरी बर्फाचा माग याहून अवघड. ती साय उन्हाळ्यात विरते, मागे खडा ना रेघ. तेथे उपयोगी पडतात डायाटम नावाचे एकपेशीय जीव. त्यांची कवचे वाळूच्याच द्रव्याची असतात आणि मेल्यावर गाळात साचतात. काही जातींस बर्फाची कड आवडते, जसे फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्टा. काहींस मोकळे पाणी. जहाजावरून पोकळ नळी समुद्रतळात घुसवून गाळाचा लांब गाभा काढतात, त्याचे पातळ काप करतात, आणि प्रत्येक कापातील कवचे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजतात. कोणत्या थरात कोणती जात किती, यावरून त्या काळी तेथे बर्फ होता की नव्हता हे ठरते. थराचे वय किरणोत्सारी कार्बनावरून काढतात. उत्तर ध्रुवाकडे आणखी एक साधन आहे. तेथील बर्फात वाढणारे काही डायाटम एक विशिष्ट स्निग्ध द्रव्य बनवितात. २००७ साली त्यास 'आयपी २५' हे नाव मिळाले, आणि गाळात ते सापडणे ही बर्फाची खूण मानली जाते.

हे ऐकताना आम्हांस न्यायशास्त्र शिकविणारे आमचे गुरुजी आठवले. धुरावरून अग्नीचे अनुमान त्यांनी आमच्याकडून किती वेळा घोकून घेतले असेल! येथे साध्य अग्नीच्या नेमके उलट, पण रीत तीच. पुतण्यास आम्ही मुद्दाम हेत्वाभासाविषयी छेडले. तो म्हणाला, "काका, तीच तर आमची रोजची भांडणे. बर्फ आवडणाऱ्या जातींची कवचे नाजूक असतात, ती पाण्यात विरघळून जातात. सापडली नाहीत म्हणून बर्फ नव्हता असे म्हणता येत नाही." म्हणूनच खडे, कवचे, स्निग्ध द्रव्य अशा दोन-तीन साक्षी जुळल्यावाचून ही मंडळी निवाडा देत नाहीत. आम्ही एका दगडावर पाव मिनिटात दिला होता.

असे गाळ वाचून २००५ साली गेर्सोंडे व त्यांचे सहकारी या निष्कर्षास आले की, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी दक्षिण महासागरातील हिवाळी बर्फ अटलांटिक व हिंदी महासागरांच्या बाजूस ४७ अक्षांशापर्यंत आला होता आणि त्याचा एकूण विस्तार आजच्या सुमारे दुप्पट होता. आपल्याकडे हे काम गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात चालते. ते १९९८ साली निघाले. आजचे नाव त्यास २०१८ मध्ये मिळाले. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच निघाली होती.

हा खटाटोप कशासाठी, असे घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले, आणि ते योग्यच होते. उपग्रहांनी ध्रुवीय समुद्रांवर अखंड पहारा ठेवला तो १९७९ च्या सुमारापासून. २०२३ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाभोवतालचा बर्फ त्या साऱ्या काळातील नीचांकास गेला. ही नेहमीची चढउतार की नवे संकट, हे अवघ्या साडेचार दशकांच्या वहीवरून कसे सांगावे? पांढरा बर्फ ऊन परत फिरवितो, आणि तो गेला की खालचे काळे पाणी तेच ऊन पिते. तेव्हा पूर्वी असे किती वेळा झाले हे जाणण्यास जुनी वही पाहिजे. आणि ती चिखलात आहे.

आमच्या पिढीच्या वाचकांस येथे लोकमान्यांचा १९०३ साली निघालेला इंग्रजी ग्रंथ आठवल्यावाचून राहणार नाही. दोन हिमयुगांच्या मधल्या उबदार काळी आर्य उत्तर ध्रुवाकडे राहत होते आणि पुढे बर्फाने त्यांस हुसकाविले, असा त्यांचा सिद्धांत. हिमयुग सरून सुमारे दहा हजार वर्षे झाली हा त्यांनी स्वीकारलेला अंदाज आजच्या गणतीपासून फार दूर नाही. परंतु त्याआधीचा उबदार काळ आता लाखाहून अधिक वर्षे मागे जातो, आणि तेवढा काळ ऋचा मुखोद्गत राहिल्या असे मानणे आम्हांस तरी जड जाते. तथापि वेदार्थ लावताना भूगर्भाची साक्ष काढावी हे त्यांस सुचले, याचे मोल कमी होत नाही.

इरईहून एखादा रेघांचा दगड आणावा असे आमच्या फार मनात होते. पुतण्याने हात धरला. "येथला दगड येथेच राहू द्या, काका. जागेवरून हलला की त्याची साक्ष अर्धी जाते." आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

त्यानंतर आम्ही शाळेत जाऊन जुने हजेरीपट काढविले. तीन दुपार धूळ झटकल्यावर त्या मुलाचे नाव सापडले; पत्ता मात्र अपुरा. मामाच्या गावाचे नाव आमच्या एका जुन्या सहकाऱ्यास आठवत होते. त्या पत्त्यावर मागील सोमवारी पत्र टाकले आहे. मजकूर दोनच ओळींचा: रेघा फाळाच्या नव्हत्या, तुझे बरोबर होते.