रॉड सर्लिंगच्या गावात

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन शहराला लागून व्हेस्टल आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे राहायला आलो. त्याआधी काही वर्षं मी मुंबईत मराठी मालिकांचे संवाद लिहीत होते. रोजच्या मालिकेचं काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असतं, की हाताशी एपिसोडची बँक नसली तर सकाळी लिहिलेला सीन दुपारी शूट होतो. सेटवरून फोन येतो आणि गॅसवरच्या दुधाकडे एक डोळा ठेवून, उभ्या उभ्या संवाद सांगावे लागतात. इथे आल्यावर हे सगळं थांबलं. आणि जिथे थांबलं ते शहर नेमकं रॉड सर्लिंगचं निघालं. अमेरिकी टेलिव्हिजनच्या थोर लेखकांत त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतात.

ओळख झाली ती रेक्रिएशन पार्कमध्ये. मुलगी लहान होती, तिला तिथल्या लाकडी घोड्यांच्या मेरी-गो-राउंडवर बसवायला न्यायचे. या भागात अशी सहा मेरी-गो-राउंड आहेत. एंडिकॉट-जॉन्सन या चपला-बुटांच्या कारखान्याचे मालक जॉर्ज एफ. जॉन्सन यांच्या कुटुंबाने ती दिली आणि अट घातली, की कुठल्याही मुलाकडून पैसे घ्यायचे नाहीत. अजूनही घेत नाहीत. पार्कच्या मधोमध बँडवाल्यांसाठी बांधलेला गोल मंडप आहे. त्याच्या फरशीत बसवलेली सर्लिंगच्या नावाची एक तबकडी मी वाचली आणि घरी येऊन शोधाशोध सुरू केली. नवीन वर्षाच्या सुमारास इथे त्याच्या ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेचे भाग एका केबल वाहिनीवर दिवसरात्र दाखवतात. तेव्हा मी टीव्हीसमोरून उठलेच नाही.

सर्लिंगचा जन्म सिराक्यूजचा, 25 डिसेंबर 1924चा. पण तो वाढला बिंगहॅमटनमध्ये, एका ज्यू दुकानदाराच्या घरात. 1943 मध्ये शाळा संपताच तो सैन्यात गेला. 11व्या एअरबोर्न डिव्हिजनमधला पॅराट्रूपर म्हणून फिलिपिन्समध्ये लढला. लेते बेटावर विमानातून टाकलेली रसदीची पेटी अंगावर पडून त्याचा एक मित्र त्याच्या डोळ्यांदेखत गेला. त्याच्या स्वतःच्या गुडघ्याला झालेली जखम जन्मभर दुखत राहिली. 1945 मध्ये वडील अचानक वारले, तर अंत्यविधीला घरी यायला त्याला रजा मिळाली नाही.

परतल्यावर माजी सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून तो ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजात शिकला. वरखर्चासाठी नव्या पॅराशूटच्या चाचणीच्या उड्या मारायचा. पुढे सिनसिनाटीत पगारी लेखक झाला आणि उरल्या वेळात स्वतःच्या पटकथा लिहून पाठवू लागला. त्या साभार परत यायच्या, एकामागून एक, ढिगाने. त्याने लिहिणं सोडलं नाही, नोकरी मात्र सोडली.

12 जानेवारी 1955 रोजी ‘पॅटर्न्स’ हे त्याचं नाटक टीव्हीवर थेट सादर झालं. मोठ्या कंपनीत एका वयस्कर अधिकाऱ्याला हळूहळू खच्ची करतात आणि त्याच्या जागी आणलेला तरुण हे सगळं बघत असतो, एवढीच गोष्ट. ते इतकं गाजलं, की महिन्याभरात पुन्हा दाखवावं लागलं. पुन्हा दाखवायचं म्हणजे तेव्हा सगळ्या नटांनी पुन्हा उभं राहून तेच नाटक थेट करायचं! त्यावर त्याला पहिला एमी पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी ‘रिक्वीम फॉर अ हेवीवेट’ या थकलेल्या मुष्टियोद्ध्याच्या नाटकाला दुसरा. आयुष्यात एकूण सहा.

पण मी त्याच्याशी बांधली गेले ती पुरस्कारांमुळे नव्हे. 1955 च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. सगळे गोरे असलेल्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना निर्दोष ठरवलं. सर्लिंगला यावर लिहायचं होतं. थेट लिहिलं तर टीव्हीवर येणारच नाही हे ओळखून त्याने बळी जाणारा माणूस म्हातारा ज्यू दुकानदार केला, गाव मात्र दक्षिणेतलंच ठेवलं. तरी नाटक टिल प्रकरणावर आहे अशी बातमी फुटली, बहिष्काराच्या धमक्या आल्या आणि प्रायोजक घाबरले. गाव दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडात नेलं. मेलेला माणूस कुठलासा परदेशी झाला. कोका-कोलाच्या बाटलीने दक्षिणेची आठवण होईल म्हणून ती बाटलीसुद्धा काढली. एप्रिल 1956 मध्ये ‘नून ऑन डूम्सडे’ या नावाने जे दिसलं त्यात कोणाचा खून झाला आणि का, हे कळायला वाव उरला नव्हता. दोन वर्षांनी त्याने ‘अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट’ मधून तोच विषय पुन्हा काढला. या वेळी गोष्ट 1870 च्या सुमारास गेली आणि बळी मेक्सिकन झाला.

ती बाटली वाचली आणि मला एक कप आठवला. मी लिहीत असलेल्या एका मालिकेत वाड्यातलं घर होतं. कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप मागच्या खिडकीत पालथा घातलेला असायचा, घरातल्या कपांत तो कधी मिसळायचा नाही. धाकटी सून एके दिवशी तो कप उचलते, त्यातून चहा पिते आणि विसळून घरातल्या कपांच्या रांगेत लावते. सासू बघते. सीनमध्ये संवाद जेमतेम चार, त्यात त्या बाई स्वतःच्या तोंडाने स्वतःची जात सांगतात. वाहिनीकडून निरोप आला: जात काढा, गरीब-श्रीमंत ठेवा. मग शूटिंगला कपाचा कान तुटलेला घेतला आणि सून त्या बाईंना नवा कप आणून देते असं झालं. प्रेक्षकांना सून फार गोड वाटली. त्या आठवड्याचा टीआरपी चांगला आला. ज्या गोष्टीसाठी सीन लिहिला होता तिचा मात्र मागमूस राहिला नाही.

म्हणून सर्लिंगने त्यापुढे काय केलं हे मला जीव तोडून समजून घ्यावंसं वाटलं. 2 ऑक्टोबर 1959 ला ‘द ट्वायलाइट झोन’ सुरू झालं. त्याच सुमारास टीव्ही पत्रकार माईक वॉलेस यांना दिलेल्या मुलाखतीत त्याने सांगितलं होतं, की आता वादाचे विषय घेऊन झगडणार नाही. लोकांना वाटलं, गडी दमला, भुताखेतांच्या गोष्टींकडे वळला. पुढच्या मार्चमध्ये ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ हा भाग आला. एका शांत आळीतली वीज जाते, गाड्या बंद पडतात. कोणी तरी म्हणतं, आपल्यातच परग्रहावरचा कोणी लपलाय. रात्र होईपर्यंत शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखतो आणि एक निरपराध माणूस मरतो. टेकडीवरचे खरे परके फक्त दिवे चालू-बंद करत बसलेले असतात. प्रायोजकाला यात काढून टाकण्यासारखं काही सापडणार नव्हतं, आणि बघणाऱ्याला मात्र आपली आळी ओळखता येत होती. पाच वर्षांत 156 भाग झाले, त्यांतले 92 त्याने स्वतः लिहिले. मालिका लिहिलेल्या माणसाला हा आकडा बघून धाप लागते. बहुतेक पटकथा तो यंत्रात तोंडी सांगायचा, मग त्या टाइप व्हायच्या.

माझा आवडता भाग ‘वॉकिंग डिस्टन्स’. न्यूयॉर्कमधला दमलेला जाहिरात अधिकारी मार्टिन स्लोन गाडी दुरुस्तीला टाकतो आणि जवळच्या आपल्या जन्मगावी चालत जातो. गाव त्याच्या लहानपणी होतं तसंच आहे. आईवडील जिवंत आहेत, तो स्वतः अकरा वर्षांचा आहे. त्या मुलाला काही सांगायला तो धावतो. मुलगा घाबरून पळतो आणि मेरी-गो-राउंडवरून पडून पाय मोडून घेतो. तेव्हा वडील या मोठ्या मुलाला समजावतात, की इथली जागा त्या लहानग्याची आहे, तू परत जा. मार्टिन लंगडत परततो. मी हा भाग पुन्हा पाहिला तेव्हा सर्लिंगचा गुडघा माहीत होता, न मिळालेली रजा माहीत होती. ज्या बापाचं अंत्यदर्शन झालं नाही, त्याच्याशी मुलाचं शेवटचं बोलणं त्याने लिहून काढलं होतं. भागात गावाचं नाव होमवूड आहे. मंडप, घोडे, उन्हाळ्याची संध्याकाळ सगळं इथल्या पार्कचं. होमवूड हे नाव त्याचं त्याने निवडलं होतं. ‘नून ऑन डूम्सडे’तलं न्यू इंग्लंड त्याच्यावर लादलं गेलं होतं. पडद्यावर दोन्ही बदल सारखेच दिसतात, पण पहिल्याने लेखन त्याच्या आणखी जवळ आलं आणि दुसऱ्याने ते हातातून गेलं.

पुढचं आयुष्य सुखाचं नव्हतं. ‘ट्वायलाइट झोन’चे हक्क त्याने सीबीएस वाहिनीला विकून टाकले आणि पुनःप्रक्षेपणाचा पैसा त्यांच्याकडे जात राहिला. ‘नाइट गॅलरी’ या नंतरच्या मालिकेत तो नावाला सूत्रधार, निर्णय दुसऱ्यांचे. इथॅका कॉलेजात शिकवायचा, सिगारेट हातची सुटायची नाही. 28 जून 1975 ला रोचेस्टरमध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला. वय 50.

इथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे. 2024 मध्ये पार्कात त्याचा पुतळाही उभा राहिला. मलाही तो माणूस फार जवळचा वाटतो. पण त्याच्याबद्दल नेहमी जे म्हणतात, की विज्ञानकथेच्या आडून त्याने सेन्सॉरला फसवलं आणि हवं ते सांगितलं, ते मला अर्धंच पटतं. मेपल स्ट्रीटवर जमावाची भीती दिसते, संशय दिसतो. एमेट टिल दिसत नाही. ज्या मुलापासून सगळं सुरू झालं तो मिसिसिपीतच राहिला, पडद्यावर आला नाही. रूपकाने लेखक तगला, उत्तम लिहीत राहिला, आणि ते थोडंथोडकं नाही. मात्र त्याची किंमत कोणी मोजली हेही त्याच दमात सांगायला हवं.

इथल्या मराठी मंडळींसाठी मी आता एकांकिका लिहिते. वाड्यातला तो सीन त्यांतल्या एकीत पुन्हा लिहिला. कप अख्खा आहे, कान शाबूत आहे, आणि त्या बाई चार संवादांत आपली जात सांगतात. तालमीत एकाने विचारलं, परदेशात हे कशाला? मी त्याला ‘नून ऑन डूम्सडे’ची गोष्ट सांगितली. सर्लिंगला 1956 मध्ये जे नाव घेऊ दिलं नाही ते घेण्याची मोकळीक मला आज या छोट्या रंगमंचावर आहे. इथे मला कोणी प्रायोजक अडवत नाही. मग ते नाव मी घ्यायलाच हवं.