वारसनोंद

कबनूरच्या मामांचा संगणक बंद पडला तो ते गेल्यानंतर दोन वर्षांनी, २०२३ मध्ये. इचलकरंजीला खेटून असलेल्या या गावात त्यांचे चार यंत्रमाग होते. सूत व्यापाऱ्याचे, विणण्याची मजुरी मामांची, असा व्यवहार. रात्रपाळीचा कामगार मागावर आला की मामा जर्मनीतल्या लेकीला ईमेल लिहायला बसत. ती पत्रे ‘आउटलुक २०१३’ने त्याच यंत्रावर उतरवून ठेवली होती. मूळ खाते वापराअभावी केव्हाच रद्द झालेले.

मी डिस्क काढून माझ्या संगणकाला जोडली. उत्तर आले: परवानगी नाही.

अशा वेळी जाणकार एक सोपा उपाय सुचवतात. ‘ओएसटी’ फाइल ही केवळ प्रत असते, ती काढून टाका, सर्व्हरवरून नवी तयार होईल. खाते जिवंत असेल तर हा सल्ला अगदी योग्य आहे. येथे मात्र मूळ नाहीसे होऊन प्रतच मूळ झाली होती.

विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. १९९३ च्या विंडोज एनटीपासून प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक असतो आणि फाइलची मालकी त्या क्रमांकाच्या नावे लागते. डिस्क परक्या यंत्राला जोडली की मामांचे नाव गळून पडते. मालकाच्या रकान्यात उरतो तो ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा, कोणाचाच नसलेला आकडा. सातबाऱ्याचे तसे नाही. खातेदार गेला की मृत्यूचा दाखला जोडून अर्ज होतो, गाव नमुना ६-क मध्ये वारस लागतात, मग फेरफार मंजूर होतो. संगणकाला दाखला लागत नाही. प्रशासकाचे अधिकार हाती असले की कोणीही मालकी आपल्याकडे वळवून घेऊ शकतो, आणि ही सोयच मला खटकली.

मामींना विचारले. त्या म्हणाल्या, “निम्मी पत्रं तिची हाईत. तिला इचार.” बहिणीने फोनवर सांगितले, “काढ, पण वाचू नकोस दादा.”

खरे तर मालकी घेऊनही भागले नसते. ही फाइल ज्या प्रोफाइलमध्ये जन्मली त्याच्याशी बांधलेली असते. दुसऱ्याचे आउटलुक ती उघडतच नाही. सुदैवाने मामांच्या यंत्राचा फक्त पॉवर सप्लाय जळाला होता. तो बदलला, डिस्क जागेवर बसवली. पासवर्ड हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर मामांच्याच अक्षरात होता. इंटरनेटची वायर मात्र मी सुरुवातीलाच काढून ठेवली. दोन्ही बाजू सारख्या करणे हे सिंक्रोनायझेशनचे काम, आणि सर्व्हरने पेटी रिकामी आहे असे सांगितले तर ते इथलीही इमानाने रिकामी करते. आउटलुक ऑफलाइन उघडून सगळे फोल्डर ‘पीएसटी’ फाइलमध्ये निर्यात केले. ती फाइल दुसऱ्याच्या आउटलुकमध्येही उघडता येते.

पेनड्राइव्ह मामींनी पासबुकांच्या पिशवीत ठेवला. बहीण दिवाळीला येणार होती.